बिनयंत्राचे कुंपण

तारेचे कुंपण दिसले की माझा हात आजही आपोआप मागे जातो आणि सातपुड्याच्या पायथ्याचे ते पोलीस ठाणे आठवते. तिथे मी प्रभारी अधिकारी होतो.

दुपारी ठाणे अंमलदाराने फोन माझ्याकडे दिला. बाईचा दबका आवाज. "साहेब, केळीच्या कुंपनात लाईनीचा करंट सोडून राहिले. बिबट्यासाठी. पन सकाळी बाया त्याच बांधावरून कामाले जातात." कोणाचे शेत, हे विचारेपर्यंत फोन कट झाला. नंतर लावला तर बंद. ती कोण, हे मी मुद्दाम शोधले नाही. अशी माणसे उघडी पडली की पुढच्या वेळी कोणी फोन करत नाही.

नाल्याकाठच्या शेतांना वन्यजीव संवर्धनाच्या योजनेतून कुंपण मिळाले होते. जंगलात हरणे, बिबटे पुन्हा वाढावेत आणि शेतकऱ्याचेही नुकसान होऊ नये, म्हणून केंद्र आणि राज्य मिळून खर्च करणार होते. केंद्राच्या हिश्श्यातून खांब आणि तारा आल्या. राज्याच्या हिश्श्यातले सौर यंत्र आलेच नाही. ते यंत्र जनावराला नुसता झटका देते, मारत नाही. दरम्यान बिबट्याने गोठ्यांतली वासरे उचलायला सुरुवात केली होती.

शेतीची वीज संध्याकाळी येणार होती. मी वीज कंपनीच्या अभियंत्याला त्या शेतांना वीज पुरवणारा फीडर बंद ठेवायला सांगितले. "ठेवतो, पण वरून फोन आला तर चालू करावा लागेल," तो म्हणाला. ते वाक्य डोक्यातून जाईना.

कुंपणवाल्या शेतकऱ्यांना ठाण्यात बोलावले, एकेकाला वेगळे बसवून विचारले. सगळ्यांचे उत्तर एकच: "आमी नाई, साहेब." त्यांत एक वयस्कर आबा होते, गावात मान असलेले. तेच सर्वांत शांत. ठाण्यात निर्दोष माणूसही थोडा घाबरतो. ती शांतता मला खटकली. पण खटकणे म्हणजे पुरावा नव्हे, आणि बाहेर ऊन उतरत चालले होते.

सगळ्यांना गाडीत बसवून शेतावर नेले. वीज रोखल्याचे तिथे फक्त मला आणि माझ्या हवालदाराला ठाऊक होते. "लाईट आली असेल ना?" मी मोठ्याने विचारले. "आली असंल," कोणीतरी म्हणाले.

पहिल्या शेतकऱ्याने आपली तार बिनधास्त धरून दाखवली. दुसऱ्यानेही. आबांचा बांध आला तसे ते मागे रेंगाळले. मी स्वतःच तारेकडे हात नेला. अभियंत्याला वरून फोन आला असेल तर? तरी हात पुढेच नेला.

"साहेब, हात नका लावू!" आबा ओरडले आणि त्यांनी माझा दंड असा ओढला की आम्ही दोघेही मातीत पडलो.

केळीच्या वाळक्या पानांखालून वायर मोटारीच्या पेटीपर्यंत गेली होती. आबा तिथेच बसून रडू लागले. "बिबट्यासाठी लावला व्हता, मानसासाठी नाई. खांब दिले, तार दिली, मशीन कोनी देत नाई. दिल्लीच्या पैशाचं विचारलं तं मुंबईकडे बोट, मुंबईचं विचारलं तं दिल्लीकडे. घरात लहान नातू आहे, साहेब. अंगनात सोडाले भ्या वाटते."

पंचांसमक्ष वायर जप्त केली, गुन्हा नोंदवला. ज्या माणसाने मला मागे ओढले त्यालाच अटक करताना बरे वाटले नाही, पण सूट दिली नाही. अहवालात मात्र यंत्र न आल्याचेही लिहिले. वरिष्ठ म्हणाले, "हे आपल्या कक्षेत येत नाही." मी ते खोडले नाही.

त्यावरून जिल्ह्याला बैठक झाली. केंद्राचा हिस्सा खर्ची पडल्याचा दाखला मिळाल्याशिवाय राज्याचा हिस्सा सुटत नव्हता, आणि यंत्र बसून काम पूर्ण झाल्याशिवाय दाखला देता येत नव्हता. प्रत्येकाचे म्हणणे नियमाला धरूनच होते. शेवटी जिल्हाधिकाऱ्यांनी मार्ग काढला आणि हिवाळ्याआधी यंत्रे बसली.

तेव्हापासून मी तपासात आरोपीबरोबर आणखी एक गोष्ट शोधत आलो: घटनास्थळी कोणाचे काम अर्धवट राहिले होते? त्यासाठी कायद्यात कलम नाही. आबांना दंड झाला, तो त्यांनी मुकाट भरला. यंत्र उशिरा आल्याबद्दल कोणालाही साधी नोटीससुद्धा गेली नाही.