भट्टी बंद, टाकी बंद

माझी शाळा हरसूलच्या बाजारात झाली, म्हंजे झालीच नाय. तरी सातपूरच्या एका कारखान्यात मी बॅटरीत जाणारी काळी पूड भाजतो. पूड तपासणाऱ्या मॅडम म्हणतात, हिचे कण नॅनो, डोळ्याला दिसायचे नाय. मी म्हणलो, "म्हंजे माझ्या अकलेएवढे."

भट्टीत हवा गेली तर पुडीतलं लोखंड गंजतं, पूड तांबडी पडती. म्हणून टाकीतून नायट्रोजन सोडतात, आन् हीटर बंद झाला तरी पूड गार होईस्तोवर तो चालूच ठेवायचा.

त्या दिवशी चारला नमुना गिऱ्हाइकाकडं निघणार होता. पास झाला तर भट्टी राहणार, नायतर आम्ही सहा जण घरी. अकराला हीटर बंद झाला आन् माझा हात आपोआप टाकीवर. केली बंद! बायकोची शिकवण: शेगडी बंद की टाकी बंद. वीस वर्षांच्या संसारात एवढा एकच धडा पाठ केला, आन् तो नेमका तिथं म्हणून दाखवला.

चहा पिऊन आलो तर गॅस दाखवणाऱ्या काचेच्या नळीतली गोळी तळाला. टाकी सोडली, गोळी वर आली. पण आत काय झालं? एवढी तापलेली भट्टी उघडून बघावी, तर उरलंसुरलंबी जाणार.

"मॅडम, मी नायट्रोजन बंद केलता."

"दादा, आज चेष्टा नको हं. परवा म्हणालात, भट्टीत पापड भाजले."

"ते खोटं. हे खरं."

त्यांचं हसू गेलं. "किती वेळ?"

"एक चहा, एक बिडी."

"मिनिटांत सांगा!"

"पंधरा."

त्या स्टूल ओढून भट्टीपाशी बसल्या. मीटरवरचा आकडा उतरता उतरंना. जन्मात पहिल्यांदा मला एकबी इनोद सुचला नाय.

सव्वातीनला उघडली. पाच ट्रे. तोंडाजवळच्याची कड विटेसारखी तांबडी, नखाएवढी. बाकीचे चार काळे कुळकुळीत. रोज मी पाचही एकाच डब्यात ओततो, न बघता. मॅडमनी तो एक बाजूला काढला, बाकीच्यांची चिमूट चिमूट मशीनवर तपासली. चारला दहा कमी असताना म्हणाल्या, "भरा."

"मी गप बसून ओतलं असतं तर?"

"तर तांबडं काळ्यात हरवलं असतं दादा, आणि गिऱ्हाइकाला सापडलं असतं."

नमुना पास झाला. भट्टी हाय, मीबी हाय. पण घरी आता शेगडी बंद केली की टाकीपुढं नुसता उभा राहतो.

बायको म्हणती, "बघताय काय? तिला हळद लावायची का?"