वडिलांनी पसंत केलेली पद्मिनी

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी चारचाकी घ्यायचं ठरवलं. निमित्त एका ट्रकचं झालं. मी गावाबाहेर उरला नावाच्या कारखान्यांच्या भागात एका रोलिंग मिलमध्ये स्टोअर सांभाळायचो. सकाळी ब्राह्मणपाऱ्यातल्या घरून स्कूटर काढायची, धाकटीला शाळेत सोडायचं आणि पुढे उरला गाठायचा, असा रोजचा क्रम. राजधानी झाल्यावर गावात लाल दिव्याच्या गाड्या आल्या, बाहेरचे अफसर आले, घरभाडी चढली, आणि सळया लादलेले ट्रक दिवसाढवळ्या गावातून धावू लागले. एका सकाळी शाळेच्या वळणावर अशाच एका ट्रकच्या बाहेर आलेल्या सळईत धाकटीच्या दप्तराचा पट्टा अडकला. पट्टा तुटला म्हणून पोरगी वाचली. दप्तर ट्रकबरोबर गेलं.

संध्याकाळी बायको म्हणाली, "उद्यापासून मी तिले रिक्षानं पाठवीन. तुम्ही गाडी घ्या. कशीही घ्या, पण चार चाकांची घ्या."

नवी घेण्याची ऐपत नव्हती. जुनी घ्यायची तर पारख हवी, आणि आमच्या घरात ती एकाच माणसाला होती. बाबा भंडाऱ्याकडून पोरवयात इकडे आले आणि वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात जन्मभर फिटर राहिले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी आमच्या पाऱ्यात, मोहल्ल्यात, कुणाचा पंप बिघडला, कुणाची शिलाई मशीन अडली, की लोक बाबांना बोलवायचे. बाबा लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं, टोक चालत्या यंत्रावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग जे सांगायचे ते खरं निघायचं. मी बाबांच्या पुष्कळ गोष्टी ऐकल्या नाहीत, लग्नाच्या बाबतीत तर मुळीच नाही. पण यंत्राबद्दल ते बोलले आणि मी ते तपासून पाहिलं, असं कधी झालं नव्हतं.

पहिली गाडी आम्ही तेलीबांध्याला पाहिली. पांढरी, छोटी, आठशे सीसीची. मालक बँकेत होता, त्याची बदली झाली होती. गाडी स्वच्छ, कागदपत्रं नीट. मला ती पाहताक्षणीच पटली. बाबांनी बॉनेट उघडायला लावलं, पेचकस टेकवला, डोळे मिटले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "इंजन बसून राहिलं. सहा महिने नाही काढत."

"मालक तर म्हणते, एकदाही काम निघालं नाही."

"तो विकून राहिला. तो काय म्हणीन?"

मी मालकाला नाही म्हणून सांगितलं. बिचारा फार नाराज झाला. दुसरी, कुठल्याशा सरकारी खात्याच्या लिलावातली डिझेल अँबॅसिडर होती. तिच्याभोवती एक फेरी मारून बाबा म्हणाले, "हा हत्ती आहे. पोसशील का?" आम्ही दोघंही हसलो आणि परतलो. येताना वाटेत ते म्हणाले, "गुढियारीत एक आहे. ती पाहू."

गुढियारीतले काका म्हणजे बाबांच्याच कारखान्यातले वेल्डर. तीस वर्षं दोघांनी एका शेडमध्ये काम केलं, एकाच डब्यातून भाकरी खाल्ली. त्यांच्या दारात पिस्त्याच्या फिकट रंगाची पद्मिनी उभी होती. तिचे गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला होते, पुढची सीट सलग बाकासारखी होती, आणि खिडकीच्या टोकाला तिकोनी काच होती, जी फिरवली की वारा थेट तोंडावर यायचा. माझ्या दोन्ही पोरी आत चढल्या आणि उतरायला तयार होईनात. "पापा, ये तो सोफा है!" थोरली म्हणाली. आमच्या पोरींना मराठी कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. मलाही तो सोफा आवडला होता. दुकानदार, अफसर, कुणाकडेच आता तशी गाडी नव्हती.

बाबांनी पेचकस लावला. चटकन काढलाही. "घेऊन टाक," ते म्हणाले.

काका जवळ आले. "भाऊ, ते पुढचं..."

"ते मी सांगीन त्याले," बाबांनी त्यांना मध्येच थांबवलं.

मला वाटलं, विमा किंवा कागदांचं काही असेल. आतून काकूंच्या खोकल्याचा आवाज येत होता. चहा काकांनीच केला. आठवड्याभरात गाडी आमच्या दारात आली.

सुरुवातीचे महिने सुखाचे गेले, हे मी नाकारत नाही. शाळेच्या फाटकाशी पोरी ऐटीत उतरायच्या. मिलच्या आवारात सगळ्या गाड्यांवर लोखंडाची काळी धूळ बसायची, तशी हिच्यावरही बसायची, आणि रविवारी आम्ही चौघं मिळून ती धुवायचो. बाबांचं मात्र मला नवल वाटायचं. आधी घरातून न हलणारा माणूस आता आम्ही कुठेही निघालो की चपला घालून पुढच्या सीटवर हजर. मंदिर असो, भाजी असो, पोरींचं गॅदरिंग असो. "चाळीसच्या वर नको नेऊ," हे वाक्य प्रत्येक वेळी. मी उरल्याहून परतलो की पहिला प्रश्न, "पुढून काही आवाज तं नाही आला?" मी बायकोला म्हणायचो, बाबांचा या गाडीवर पोटच्या पोरासारखा जीव आहे.

त्याच दिवसांत आमच्या मिलमधल्या एका सहकाऱ्यानं गाडी घेतली. तेलीबांध्याची तीच पांढरी. सहा महिने झाले, आठ झाले, गाडी बिनतक्रार धावत होती. मी बाबांना सांगितलं, तर ते वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "नशीब असते एकेकाचं."

माघात आम्ही राजिमच्या मेळ्याला निघालो. बाबांना दोन दिवसांपासून ताप होता. तरी ते उठून बसले. "पुढच्या रविवारी जाऊ, मीही येतो," म्हणाले. पोरी रडकुंडीला आल्या. बायकोनं बाबांना गोळी देऊन झोपवलं आणि आम्ही निघालो. रस्ता मोकळा होता. मी साठावर असेन. अचानक पुढून फाडकन आवाज आला आणि गाडी माझ्या बाजूला वाकली. स्टिअरिंग हातात नुसतंच फिरत राहिलं. गाडी रस्ता सोडून उतारावरून खाली गेली आणि धानाच्या रिकाम्या शेतात तिरपी होऊन थांबली. समोरून त्या वेळी काही येत नव्हतं, एवढंच आमचं नशीब.

धाकटीचा ओठ फाटला होता. थोरलीला काही लागलं नव्हतं. बायको खांदा धरून बसली होती. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, हे नंतर दवाखान्यात कळलं. गावकरी धावत आले, त्यांनी आम्हाला बाहेर काढलं. मी पाहिलं, पुढचं उजवं चाक पार बाहेर कलंडलं होतं आणि त्याच्या वरचा पत्रा कागदासारखा फाटला होता.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरनं ओढून मी गाडी गुढियारीच्या एका मिस्त्रीकडे नेली. ती जागा मला बाबांमुळेच माहीत होती. मिस्त्रीनं गाडी दुरूनच ओळखली. खाली वाकून पाहिलं आणि उठून कपड्याला हात पुसले.

"भैया, ये तो होना ही था."

"क्यों?"

"बाबूजी ने खरीदने से पहले मुझे ही तो दिखाई थी. मैंने साफ बोला था, नीचे का पत्रा गल गया है, गाड़ी वेल्डिंग पे खड़ी है. परिवार को मत बिठाना." तो थांबला. माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाला, "आपको नहीं बताया?"

काकांचं घर तिथून दोन गल्ल्यांवर होतं. मी चालत गेलो, आणि वाटेत माझा सगळा राग काकांवर होता. मित्राला फसवलं, म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यात धूळ फेकली, असं काय काय मी मनात जुळवत गेलो. मिस्त्रीचं बोलणं कानांनी ऐकलं होतं, पण मन ते घ्यायला तयार नव्हतं.

काकू खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. पदराआडून छातीवरच्या टाक्यांची रेघ दिसत होती. "पोरी कशा आहेत रे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बऱ्या आहेत.

काकांनी खुर्ची दिली. "गाडी कशी आहे? ते पुढचं काम करून घेतलं न तू?"

"कोणतं?"

"काहून, चाकावरच्या पत्र्याचं. म्याच वेल्डिंग मारली होती त्याले. मी भाऊले म्हटलं, हे टिकत नाही, पोट्ट्याले सांगा. ते म्हणाले, त्याले मालूम आहे, घेतल्याबरोबर तो काम करून घेईन." मग काकूंकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "तुह्यामुळे हिले नागपूरले नेता आलं. नाहीतर डॉक्टरनं तारीख देऊन ठेवली होती, आन् माह्यापाशी काहीच नव्हतं. भाऊ मले असेच देऊन राहिले होते तुह्याकडून. मी म्हटलं, फुकटचं नाही घेत. गाडी नेत असाल तर देजा."

आता सगळं एका ओळीत लागलं. चटकन काढलेला पेचकस, "ते मी सांगीन", चाळीसचा धोशा. काका अजून माझ्याकडे पाहत होते. त्यांच्यासमोर बाबांना खोटं पाडणं मला जमलं नाही.

"हो काका," मी म्हटलं. "मले मालूम होतं. काम करायचं राहून गेलं."

बाबांचं खोटं आता माझ्याही तोंडून निघालं होतं.

घरी बाबा बाजेवर बसले होते. ताप उतरला होता. आतल्या खोलीत बायको हात गळ्यात बांधून झोपली होती. मी दार लोटून घेतलं.

"तुम्हाले मालूम होतं?"

त्यांनी अंगावरची चादर बाजूला सारली. मग म्हणाले, "हव."

"पोरी बसत होत्या त्याच्यात."

"म्हणून तं मी बसत होतो." आवाज खोल गेला होता. "मले वाटलं, गावातल्या गावात चालवशील. दोन-चार महिन्यात सांगीन, काम करून घेऊ. मंग तू इतका खुश होता... रोज सांगतो म्हणे, रोज राहून जाये."

"मले आधीच सांगितलं असतं तर मी तसेच पैसे दिले असते काकाले."

"नसते दिले."

"काहून नसते दिले?"

"तू चांगला आहे. पण तू विचार करतो म्हणाला असता. बायकोले विचारतो म्हणाला असता. काकूपाशी तेवढा वेळ नव्हता."

मी उभाच होतो. खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. कदाचित मी म्हणालोच असतो, विचार करतो. पण ते मला ठरवू द्यायला हवं होतं. त्यांनी माझ्या जागी माझं उत्तर ठरवलं, आणि त्या उत्तरावर माझ्या बायको-पोरींना बसवलं.

"आणि ती पांढरी?" मी शेवटी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "ती चांगली होती."

अपघाताचं दुःख पुढे कमी झालं. बायकोचं हाड सांधलं, धाकटीच्या ओठावर बारीकसा व्रण राहिला. पण हे तीन शब्द माझ्या मनातून गेले नाहीत. एका निर्दोष गाडीला त्यांनी कान लावला, डोळे मिटले आणि माझ्याशी खोटं बोलले. लहानपणापासून ज्या एका गोष्टीवर मी डोळे झाकून विसंबलो, तीच त्यांनी वापरली.

पद्मिनी भंगारात गेली. पुढची दोन वर्षं मी पुन्हा स्कूटरवर उरल्याला गेलो. बायकोनं बाबांना एका शब्दानं दुखावलं नाही. "मामाजी, चहा," ही हाक रोज त्याच वेळी यायची. पण धाकटीला कुठे न्यायचं असलं की बाबांवर न सोपवता ती स्वतः उठायची. बाबांच्या ते लक्षात आलं होतं. त्यांनी कधी विचारलं नाही. नंतर मी दुसरी गाडी घेतली, तेव्हा त्यांना न सांगता घेतली. दारात उभी राहिल्यावर ते बाहेर आले, "रंग चांगला आहे," म्हणाले आणि आत गेले.

काकू त्या ऑपरेशननंतर खूप वर्षं जगल्या. दर उन्हाळ्यात त्यांच्याकडून पापड यायचे आणि आमच्या घरात सगळे ते आवडीनं खायचे. बाबांनी केलं ते चूक, असं त्यांच्याकडे पाहून म्हणायला माझी जीभ रेटायची नाही. बरोबर होतं असंही आजवर म्हणता आलेलं नाही.

एकदा मे महिन्यात बाबा अंगणातून म्हणाले, "गच्चीवरची टाकी रिकामी आहे, पंप लाव." मी बटणापाशी होतो. हात पुढे गेला, आणि थांबला. मी जिना चढून वर गेलो, तापलेलं झाकण उचललं आणि आत वाकून पाहिलं. टाकी रिकामीच होती. खाली पाहिलं, तर बाबा अंगणात उन्हात उभे होते, कपाळावर हात धरून वर माझ्याकडे पाहत. मी झाकण लावलं, खाली आलो आणि पंप सुरू केला.