झाकणावरचं कुंकू

आमच्या गाडीत कसलाही बिघाड नव्हता, आणि तो शोधण्यात आमचा अख्खा हिवाळा गेला.

गाडी आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. जन्मभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही जुनी, दुधी रंगाची मोटार घेतली. चालवायचो मी. आप्पा रोज संध्याकाळी टोपी घालून माझ्या शेजारी बसत आणि नारायण पेठेपासून सारसबागेपर्यंत मला वळणं सांगत. (जन्मापासून त्याच पेठेत राहणाऱ्या मुलाला!) दिवसातलं त्यांचं तेवढंच एक सुख होतं.

दसऱ्याला आप्पा ताम्हण घेऊन खाली आले. ते बॉनेटवर स्वस्तिक काढणार, इतक्यात मी ओरडलो, "आप्पा, थांबा! कुंकवाचा डाग पडला की रंग गेलाच!"

"मग पूजा कशाची करू? स्टेपनीची?"

"पेट्रोलच्या झाकणाची करू. मागच्या बाजूला आहे, कुणाला दिसत नाही. आणि गाडी खाते तिथूनच!"

या युक्तीचं मला इतकं कौतुक वाटलं की पूजा मीच केली. कोरडं कुंकू वाऱ्याने उडेल म्हणून तेलात कालवलं आणि झाकणावर चांगलं थापलं. वर अक्षता दाबल्या. गाडीचा रंग वाचला!

चार दिवसांनी गाडी लकडी पुलावर बंद पडली. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ.

"पेट्रोल आहे का बघ," आप्पा म्हणाले.

मी उतरून झाकण उघडलं. फुस्स! टाकी अर्धी भरलेली. झाकण लावलं, स्टार्टर मारला, गाडी सुरू! दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं अंतर नीट गेली आणि बंद. मग रोजच.

खालच्या मजल्यावरचे दामले बँकेत असूनही त्यांना मोटारींतलं सगळं कळायचं. (असं तेच सांगायचे.) ते गाडीत बसून आले. गाडी बंद पडल्यावर म्हणाले, "कार्बोरेटर. पण आधी पेट्रोल बघून घ्या." झाकण, फुस्स! मग दामल्यांनी कार्बोरेटरवर पान्याने टकटक केलं आणि गाडी सुरू झाली. "बघा!" ते म्हणाले. मेकॅनिकने आधी पेट्रोल बघितलं, मग प्लग बदलले. गाडी सुरू! शेवटी आमच्या हिने लिंबू-मिरची बांधली. तरी गाडी बंद पडली, आम्ही पेट्रोल बघितलं, गाडी सुरू झाली आणि श्रेय लिंबाला गेलं.

फक्त एकदा हिने विचारलं, "अहो, झाकण उघडलं की फुस्स का होतं?"

"पेट्रोलची वाफ असते ती. तुला नाही कळायचं."

हे वाक्य मी पुढे कित्येक वर्षं ऐकणार होतो.

मग एकदा ऐन गर्दीच्या वेळी लक्ष्मी रोडवर गाडी रुसली. मागच्या बसचा कंडक्टर इतका ओरडायला लागला की पेट्रोल बघायलाही सवड मिळाली नाही. मी स्टिअरिंगवर आणि आप्पा मागून ढकलतायत! तेवढ्यात त्यांचा एक जुना विद्यार्थी समोर आला.

"सर, आपण? धक्का मारताय?"

"नाही. गाडी पळून जाऊ नये म्हणून धरून ठेवलीये," आप्पा म्हणाले.

लोक हसले. आप्पा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी टोपी खुंटीवरच राहिली. "पायीच बरं," एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याच्या भरात मी गाडी विकायला काढली. खराडीचे सखाराम आण्णा (खराडीत तेव्हा शेतंच होती) मिळेल त्या किमतीला ती घेऊन गेले. जाताना आप्पांनी काच पुसायचं पिवळं फडकंही घडी करून त्यांच्या हातात दिलं. ती घडी मला अजून आठवते.

पुढच्या दसऱ्याला आण्णा सोनं द्यायला आले, त्याच गाडीतून! आम्ही सगळे खाली गेलो.

"फार बंद पडत असेल ना?" मी अपराधी चेहऱ्याने विचारलं.

"न्हाय की! नेली त्याच दिवशी मंडळींनी घासून धुतली. झाकनावर कुंकवाचा ह्यो थर! खाली बारीक भोक हाय, त्ये बी बुजल्यालं. तिनं सुईनं उकरलं. तवापासनं एकदा बी बंद न्हाय!"

टाकीत हवा जायची ती वाट. ती मी तेलकुंकवाने लिंपली होती, म्हणून पेट्रोल पुढे सरकत नव्हतं. झाकण उघडलं की हवा आत जायची, फुस्स व्हायचं आणि गाडी शहाण्यासारखी चालायची. अख्खा हिवाळा आम्ही रोज तिला बरं करत होतो आणि पुन्हा झाकण लावत होतो!

"चला सर, एक चक्कर मारू," आण्णा म्हणाले.

आप्पांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. वर जाऊन टोपी घालून आले, आण्णांच्या शेजारी बसले आणि हात बाहेर काढून वळण दाखवू लागले. गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. मी ताम्हण धरून फुटपाथवर उभा. रडू यायचंच काय ते बाकी होतं.

हिने ताम्हणातलं कुंकू चिमटीत घेतलं आणि माझ्या कपाळावर चांगलं दाबून लावलं.

"हे काय?"

"पूजा," ती म्हणाली. "इथे लावायला हरकत नाही. इथली हवेची वाट आधीपासूनच बंद आहे."