तिसरा ठोका

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, पोलिसांना तर नाहीच. तुम्हाला सांगते.

यवतमाळात आमचं बंदुकांचं दुकान आहे. वडिलांनंतर मी चालवते. त्यांच्या वेळच्या रायफली वजनदार. बोल्ट सरकवला की तिजोरीचं दार लागावं तसा बसायचा. पुढे माल उतरत गेला. दस्त्याचं लाकूड कच्चं, स्क्रू सैल, नळीच्या तोंडाशी कानशीचे ओरखडे. आणि सेफ्टी — तिच्यावर तर माझा भरवसाच नव्हता.

म्हणून वडिलांची रीत मी सोडली नव्हती. रायफल रिकामी, सेफ्टी लावलेली, दस्ता पोत्यावर तीनदा आपटायचा. आतून टक् आवाज आला, की समजायचं — चाप न ओढताच घोडा पडला; आत गोळी असती तर उडाली असती. ती रायफल कारखान्याला परत.

मारेगावकडचे प्रभाकरभाऊ परवाना घेऊन आले. कापसाची ती वाईट वर्षं, पण त्यांचं बरं चाललं होतं. विहिरीला पाणी होतं, कर्ज नव्हतं. रानडुकरं तेवढी तुरीत घुसत. "डुकरं आता मले नावानं हाका मारून राह्यले, ताई," म्हणाले. आम्ही दोघंही हसलो.

ती रायफल मी सकाळीच तपासली होती. तिसऱ्या ठोक्याला टक् झालं होतं. परत पाठवली असती तर बदली रायफल यायला महिने लागले असते, गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं असतं. त्यांच्यासमोर मी दोनदाच आपटली. तीही हलक्या हातानं. कळत नव्हतं का मला? — कळत होतं.

पंधरा दिवसांनी ते शेतात सापडले. मचाणाच्या शिडीखाली, गोळी हनुवटीतून वर गेलेली. त्या वर्षांत शेतात माणूस मेला की कारण कुणी विचारत नसे. गावानं ठरवलं, पोलिसांनी लिहिलं — आत्महत्या. रायफल आपटून कुणी पाहिली नाही.

तेरवी झाल्यावर त्यांची बायको दुकानात आली.

"ताई, बंदूक नेली त्या दिवशी काही बोल्ले काय हो ते?"

एका वाक्याचं काम होतं. आणि मी काय म्हटलं? — "गप्पच होते."

तिनं काउंटरच्या काचेवर दोन्ही हात टेकले.

"मंग मलेच समजाले पाह्यजे होतं," म्हणाली. "एका घरात राहून मले दिसलं नाही."

मी तिला पाणी दिलं. ती अजून तिकडेच राहते. पत्ता दुकानाच्या रजिस्टरात आहे. मी गेलेले नाही.