मास्तरांचं आतलं फंक्शन

रक्ततपासणीच्या त्या प्रयोगशाळेत संगणकाची खोली म्हणजे जिन्याखालची अडगळ. दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि नवरा-बायको. नवऱ्याला सगळे मास्तर म्हणत, कारण साधी वायर जोडायची तरी आधी शिकवणी. बायको म्हणजे बाई. रिपोर्ट काढणारा अख्खा प्रोग्राम मास्तरांच्या हातचा. मास्तर गेल्यावर बाईंनी त्याला कोणाला बोट लावू दिलं नाही.

मास्तरांची एक खोड होती. फंक्शन म्हणजे प्रोग्राममधला एकेका कामाचा तुकडा; ते मोठ्या फंक्शनच्या पोटात लहान फंक्शन घालत, त्याच्या पोटात आणखी लहान. "अगं, आतल्याला बाहेरच्याचं सगळं दिसतं. मागायला नको, विचारायला नको. सुखाचा संसार!" असं म्हणून स्वतःच हसायचे.

पुढे काम वाढलं आणि रिपोर्ट रखडू लागले. खिडकीपाशी माणसं ताटकळत, प्रयोगशाळेच्या नावानं खडे फोडत. शेवटी साहेब जिना उतरून आले.

"बाई, वाईट वाटून घेऊ नका, पण हा प्रोग्राम म्हातारा झाला आता. सोमवारपासून विकतचा प्रोग्राम बसवू."

"सोमवारपर्यंत पळता करून दाखवते," बाई घाईघाईनं म्हणाल्या. मास्तरांचे कपडे पुतण्या-भाच्यांत वाटून झाले होते. त्यांचं म्हणावं असं एवढंच उरलं होतं.

फंक्शनच्या पोटात फंक्शन असलं की वेग मार खातो, असं जो तो म्हणे. बाईंनीही ते खरं मानलं आणि आतली एकेक फंक्शनं उपसून बाहेर मांडली. आता प्रत्येकाला लागेल ती माहिती हातात द्यावी लागत होती. मांडलेलं घर मोडावं तसं बाईंना झालं. आणि चालवून पाहिलं तर वेग जिथल्या तिथे! आधी वेळ मोजावा, मग हात घालावा, हे मास्तर कानीकपाळी ओरडत. घाबरलेल्या माणसाला कुठलं सुचायला?

मग त्यांनी मोजलं. सगळा वेळ एकाच चिमुकल्या फंक्शनमध्ये जात होता. मास्तरांनी शेवटच्या वर्षात लिहिलेलं. रुग्णाचं वय बाहेरच्या फंक्शनकडे तयार होतं, आतून दिसत होतं. तरी हे रिपोर्टच्या ओळीओळीला डिस्कवरच्या नोंदीत जाऊन वय नव्यानं आणायचं. आणलं की परत एकदा आणून ताडून बघायचं.

"एवढं शिकवणारा माणूस, आणि हे काय हो?" बाई पुटपुटल्या, आणि त्यांचा हात थबकला.

त्या वर्षी घरीही तेच. गॅस बंद केलास का? किल्ली घेतलीस का? पाच मिनिटांनी पुन्हा तेच. "डोकं खाऊ नका हो!" बाई खेकसायच्या. मास्तर कसंनुसं हसायचे. दवाखान्यात नेलं ते हृदयासाठी, आणि हृदयानंच ते गेले. विसरण्याचं कोणी काढलंच नाही. त्यांना मात्र कळलेलं होतं. प्रोग्राम लिहिताना आपण काही विसरलो तरी कोणाचा रिपोर्ट चुकू नये म्हणून त्यांनी मुकाट्यानं ही तपासणी घातली होती, आणि रोज शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बायकोला पत्ता लागला नव्हता. बाई हमसून हमसून रडल्या.

त्यांनी जुनी प्रत काढून मास्तरांची रचना होती तशी परत बसवली. फक्त पुन्हा पुन्हा वय आणणाऱ्या त्या चार ओळी पुसल्या. पुसताना जीव तुटला. सोमवारी रिपोर्ट भराभर निघाले.

"वा, बाई!" साहेब खूश. "घोडं अडलं होतं कुठे?"

"वय पुन्हा पुन्हा विचारत होता," बाई म्हणाल्या. "आता नाही विचारणार."