चार पर्यायांच्या बाहेर

नेकनूरजवळच्या एका शाळेत मी आठवीला विज्ञान शिकवते. मागच्या वर्षी मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं, की यापुढं सगळ्या चाचण्या चार पर्यायांच्याच. तपासायला सोप्या, शिवाय निकालही चांगला.

पहिल्याच चाचणीत एका मुलीला पैकीच्या पैकी मिळाले. ‘दुधाचं दही कशामुळं होतं?’ याला तिनं ‘जिवाणू’वर खूण केली होती. मी सहज विचारलं, "कावून गं, जिवाणूच का?"

"माहीत न्हाई, मॅडम. लई वेळ ‘ब’ आला नव्हता, म्हनून ‘ब’ केला."

वर्ग हसला, मीही हसले. पण घरी जाताना बसमध्ये संताप आला. मग आपण तपासलं तरी काय?

पुढची चाचणी मी माझ्या मनानं घेतली. प्रश्न तेच, फक्त पर्याय काढून टाकले आणि प्रत्येकापुढं लिहिलं, ‘का ते सांगा.’

बऱ्याच जणांनी कोरे कागद दिले, त्या पैकीच्या पैकीवालीनंही. पण मागच्या बाकावरची एक मुलगी, जिनं आधी ‘उष्णता’वर खूण करून गुण घालवला होता, तिनं दीड पान लिहिलं. थंडीत आई दह्याचं भांडं गोधडीत गुंडाळून ठेवते. एकदा घाईत कढत दुधातच विरजण घातलं, तर दही लागलंच नाही. ‘ऊब पाहिजे, पण लई गरम झालं की विरजणातले जीव मरत असतील.’ शुद्धलेखनाच्या चुका ढीगभर. मी पूर्ण गुण दिले.

मुख्याध्यापकांनी बोलावलं. "निम्मा वर्ग नापास! वर काय सांगू मी?"

"वर्ग नाही सर, आपलं शिकवणं नापास झालंय. तेच सांगा."

"तुमी लई हट्ट करता, मॅडम."

माझी चाचणी त्यांनी धरली नाही. जुनेच गुण वर गेले आणि माझ्याकडं लेखी खुलासा मागितला. खुलाशाला मात्र चार पर्याय नव्हते! मी तीन पानं लिहिली. बहुपर्यायी प्रश्नांशी माझं वैर नाही, धडा वाचलाय का ते पटकन कळतं, हेही लिहिलं. पण पोर विचार कसा करतंय, ते तिथं दिसत नाही. माफी मागितली नाही.

आजतागायत उत्तर आलेलं नाही. ठरलेल्या चाचण्या मी मुख्याध्यापक सांगतील तशा घेते. शनिवारी मात्र फळ्यावर माझा एक प्रश्न असतो, पर्यायाविना. तपासण्यात रविवार जातो.

मागच्या महिन्यात मुख्याध्यापक वर्गाच्या दारात थांबले. "हे अजून बंद न्हाई केलं?"

"नाही सर," म्हटलं, आणि प्रश्न लिहायला घेतला.