मोडकळीस आलेली तालीम

सयाजी पलटणीतून पेन्शनवर गावी आला तो दोन गोष्टी घेऊन. एक दुखरा गुडघा आणि दुसरी कुणाचं न ऐकण्याची खोड. गुडघा पलटणीनं दिला. खोड जन्माचीच, त्याच्या बायकोला, शालूबाईला विचारा.

कोयनेच्या भूकंपात गावच्या तालमीची मागची भिंत फाटली, तेव्हापासून पोरं तिकडं फिरकेनात. सयाजी मात्र रोज पहाटे जाऊन कुस्तीच्या हौद्यातली माती खणायचा, तिला तेल-ताक पाजायचा. कुस्तीला काळं कुत्रं नाही आणि मातीचे लाड जावयासारखे. सगळी गल्ली हसायची.

पंच्याहत्तर साली पंचायतीनं ठराव केला : तालीम मोडकळीस आली आहे, सबब पाडून खताचे गोदाम बांधावे. सयाजीला गोदामापेक्षा तो शब्दच झोंबला. त्यानं शाळेच्या अनंत गुरुजींना रस्त्यात गाठलं.

"मोडकळीस म्हंजे नेमकं काय वो?"

"पडायच्या बेतात आलेलं. वापरातनं गेलेलं."

घरी येऊन त्यानं हे सांगितलं, तशी शालूबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "मग तुमी बी मोडकळीसच. उठताना भित्त धरताय."

"धरतो. पर उठतो न्हवं?"

पाहणीला तालुक्याचा ओव्हरसियर आला, सरपंच लालासाहेब आला, मागं निम्मं गाव. सयाजी फावडं घेऊन दारात उभा. आता हा फावडं उगारणार म्हणून लोक टाचा उंचावून बघायला लागले, तर हा मुकाट बाजूला सरला. लोकांचा विरस झाला.

लालासाहेबानं उंबऱ्याशी चपला काढल्या, आत जाऊन वाकला, चिमूटभर माती कपाळाला लावली. लहानपणी इथंच घुमलेला गडी. हाताला ठराव कुठं ठाऊक? मागोमाग गावानं पायताणं काढली. गोंधळून ओव्हरसियरनंही बूट सोडले.

"लाला, तुज्या पडक्या गोठ्यात शिरताना पायताण काढतोस का रं?" सयाजीनं विचारलं.

"न्हाई."

"मग हितं का काढलंस?"

लालासाहेब स्वतःच्या अनवाणी पायांकडं बघत राहिला. "भित्त फाटलीया, गड्या."

"भित्त फाटलीया, तालीम न्हाई. तरी मोडकळीस लिवायचंच आसंल तर चपला घालून हौद्यात उतर. मग मी सोता पाडायला येतो."

कुणी हललं नाही. ओव्हरसियर सरपंचाकडं बघतोय, सरपंच मातीकडं.

"सायेब," लालासाहेब अखेर म्हणाला, "भिंत दुरुस्त करणे, आसं लिवा. गोदामाला माळावरची जागा दावतो."

सयाजीनं फावडं त्याच्या हातात दिलं. "आलाच हायस तर मातीत चार घाव घाल."

सरपंचानं धोतर खोचलं. ओव्हरसियर बाहेर निम्म्या गावाच्या पायताणांत आपले बूट हुडकत राहिला.